पायाचं बोट आणि काळजातलं धस्स

परवा शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे ज्या वेळी कुठलाही शहाणा माणूस लॅपटॉप मिटून घराकडे पळतो बरोबर त्याच वेळी, माझ्याकडे एक बग आला. बग तसा किरकोळ होता. सध्या आम्ही एक फॉर्म बनवतोय. दवाखान्यात जायच्या आधी पेशंटने तो मोबाइलवर भरायचा. स्क्रीनवर माणसाचं चित्र असतं, जिथं दुखतंय तिथं बोट टेकवायचं, की त्या अवयवाचं नाव बटणावर उमटतं. क्लायंट मिलानचा, मूळ मजकूर इंग्रजी, आणि तो सगळा इटालियनमध्ये नीट बसवायचं काम माझ्या गळ्यात. तर इंग्रजीतला 'टो' हा एवढासा शब्द ज्या बटणात ऐसपैस बसला होता, त्याच बटणातून इटालियन शब्द दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबत होता. 'दीतो देल पिएदे'.

मिलानला आमची एक सहकारी बसते. तिला विचारलं, यापेक्षा आखूड शब्द नाही का? म्हणाली, नाही. दीतो म्हणजे बोट, पिएदे म्हणजे पाऊल. पावलाचं बोट. हाताचं तेही बोट, पायाचं तेही बोट, त्याला वेगळा शब्द कशाला?

मी खुर्चीतून उडालोच. अहो, हे तर आपलंच! आपण तरी दुसरं काय म्हणतो? पायाचं बोट. आयुष्यभर इंग्रजीच्या पेपरात 'फिंगर' आणि 'टो'चा घोळ घालून मार्क घालवले, आणि तिकडे अख्खा एक देश आपल्यासारखाच विचार करतोय हे चाळिशी उलटल्यावर कळलं :)

बग काय, फॉन्ट एका आकड्याने लहान करून पाच मिनिटांत मिटला. पण आमच्या गप्पा काही मिटेनात. शुक्रवार होता, तिकडे दुपार होती, आणि दोघांनाही कंटाळा आला होता.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की शरीर एकच असलं तरी प्रत्येक भाषेची मोजणी वेगळी. जमीन तीच, बांध वेगळे. आपला 'हात' खांद्यापासून नखापर्यंत कुठंही असू शकतो. 'हात मोडला' म्हटलं की ऐकणारा विचारतो, कुठं? इंग्रजी आणि इटालियन दोघंही मनगटावर बांध घालतात, वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा. 'पाय'चंही तेच. आपल्याकडे दंड, कोपर, पोटरी, पाऊल हे सगळे शब्द आहेत, पण रोजच्या बोलण्यात हात म्हणजे हात आणि पाय म्हणजे पाय. उलट इंग्रजी जिथं एका 'बॅक'वर भागवते तिथं आपण पाठ आणि कंबर असे दोन सातबारे करतो. घशाशी तर आपण तीन वाटण्या केल्यात. मागून मान, पुढून गळा, आतून घसा. आणि 'तोंड'? 'तोंड उघड' म्हटलं तर ओठांच्या आतलं, 'तोंड धुऊन ये' म्हटलं तर अख्खा चेहरा.

दुसरी गोष्ट, मालकीची. इंग्रजी माणूस आपले स्वतःचे हात धुतो. इटालियन माणूस 'स्वतःला हात धुतो', 'माझे' म्हणत नाही. आपण नुसतेच हात धुतो. कुणाचे धुणार, शेजाऱ्याचे? म्हणून इंग्रजीवरून आलेलं 'तुमचे बोट सेन्सरवर ठेवा' हे वाक्य वाचलं की मला कायम वाटतं, हा कुणाच्या तरी बोटाबद्दल शंका घेतोय.

मग वाक्प्रचार निघाले. महाग वस्तूसाठी इंग्रजी माणूस एक हात आणि एक पाय देतो, इटालियन माणूस डोक्यातला एक डोळा देतो. आपण काही देत नाही, किंमत ऐकूनच आपले डोळे पांढरे होतात. उधळ्या माणसाचे हात इटालियनमध्ये भोकाभोकाचे असतात. जास्त प्याला की तिकडे कोपर उचललं म्हणतात. हुशार, कर्तबगार माणूस हा 'पायात' असतो, 'इन गांबा'. दुसऱ्याच्या भानगडीत नाक मात्र तिन्ही भाषांत खुपसतात, याचं मला फार बरं वाटलं.

काही शब्द फसवे. इंग्रजीत कुणाचा पाय ओढला म्हणजे थट्टा केली. मराठीत पाय ओढले म्हणजे त्याला खाली पाडला, आणि ही थट्टा नसते हे अप्रेझल झालेल्या प्रत्येकाला माहीत आहे. परीक्षेच्या आधी इंग्रजी पोटात फुलपाखरं उडतात. आपल्या पोटात गोळा येतो. आपल्या पोटात पक्षीच हवे असतील तर कावळे आहेत, पण ते भुकेने ओरडतात, भीतीने नाही.

आणि मग ती म्हणाली, हातपाय दाबून बसलं की जे होतं ना, त्याला आम्ही 'फोर्मिकोलियो' म्हणतो, 'फोर्मिका' म्हणजे मुंगी. इंग्रजी माणसाला त्याच जागी टाचण्या आणि सुया टोचतात. मी तिला सांगितलं, बाई, मुंग्या तर आमच्याकडेही येतात. मिलान ते नांदेड, मधे एवढे डोंगर आणि समुद्र, आणि मुंग्या त्याच!

धैर्य शरीरात कुठं राहतं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. इंग्रजीत ते आतड्यांत असतं. इटालियनमध्ये यकृतात, म्हणजे ज्याला 'फेगातो' आहे तो शूर. हे ऐकून मला एकदम आमचे आजोबा आठवले, कारण त्यांच्या तोंडातही शूर माणसाला 'जिगर' असायचं, आणि जिगर म्हणजे यकृतच.

आजोबा नांदेडचे. त्यांचं शिक्षण उर्दूत झालं. मराठवाड्याबाहेरच्या मित्रांना हे सांगितलं की ते माझ्याकडे बघत राहतात, म्हणून थोडं सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड, लातूर हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं १९१८ साली, आणि त्याच्या आधी १९१७ मध्ये एक भाषांतराचं खातंच उघडलं गेलं, दार-उल-तर्जुमा. कारण विद्यापीठात सगळे विषय उर्दूत शिकवायचे तर पुस्तकं आधी उर्दूत पाहिजेत. वैद्यकशास्त्रसुद्धा तिथं उर्दूत शिकवलं जायचं. इंग्रजी पुस्तकातल्या एकेका हाडाला, शिरेला, आतड्याला उर्दू नाव देणारी माणसं पगारी नोकरीला होती. म्हणजे मी आज जे करतोय तेच, फक्त बटणात मावण्याची भानगड त्यांना नव्हती.

त्यामुळे आमच्या घरात शरीराची दोन-दोन नावं होती. आजोबांचा 'मेदा' बिघडायचा, आजीच्या 'पोटात' दुखायचं. आजोबांचा 'गुर्दा', आजीची 'किडनी' (आजी 'किडणी' म्हणायची). 'मूत्रपिंड' हा शब्द आमच्या घरात फक्त शाळेच्या पुस्तकात राहायचा.

आणि 'काळीज'? मटणाच्या दुकानात काळीज मागा, यकृत मिळतं. कवितेत मागा, हृदय मिळतं. माणसाच्या बोलण्यात येतं तेव्हा नेमकं काय मिळतं, हा प्रश्न मी शुक्रवारी तिला सांगितला नाही. कारण तिथं गप्पांमधली गंमत संपते.

असो. आता ती गोष्ट सांगतो.

१९९३ साली आम्ही लातूरला राहायचो. बाबा तिथं बँकेत होते, मी आठवीत. आईचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून जवळ. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तिकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. त्या पहाटे तीच माणसांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं नंतर नव्या जागेवर वसवावी लागली. हजारो माणसं गेली. त्यात आईची आई गेली.

लातुरात आमच्या भाड्याच्या घराला फक्त तडे गेले. आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो, आणि आई एकच वाक्य म्हणाली. "माझ्या काळजात धस्स झालं रे." माहेरची बातमी तोवर आलेलीही नव्हती.

त्या दिवसानंतर हे वाक्य आमच्या घरातलं रोजचं झालं. रस्त्यावरून ट्रक गेला आणि खिडकीची काच वाजली, धस्स. मांजरीने पातेलं पाडलं, धस्स. रात्री फोन वाजला, धस्स. लातूरकडच्या त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, त्यांच्याही घरात असंच असेल. पुढे बाबा रिटायर झाले, आम्ही नांदेडच्या घरी आलो, पण आईचं धस्स तिच्याबरोबर आलं. आम्ही भावंडं तर त्याची थट्टासुद्धा करायचो. तो शब्द म्हणजे आईची भीती, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की तिच्या तोंडून तो निघाला की आम्ही पुढचं ऐकायचोच नाही.

२०१४ च्या डिसेंबरमध्ये मी चेन्नईत नोकरीला होतो. आई महिनाभर राहायला आली होती. बाबा नांदेडलाच राहिले, त्यांना घर सोडवत नाही. एके रात्री नऊच्या सुमारास जेवण झाल्यावर आई पलंगाच्या कडेला नुसतीच बसून राहिली.

"काय व्हायलंय?"

"काही नाही रे. काळजात धस्स धस्स व्हायलंय. पोटात कालवायलंय. हातपाय गळाल्यावाणी झालेत."

जवळच एक क्लिनिक होतं, तिथं गेलो. डॉक्टर तरुण होता, सज्जन होता. तमिळ आणि इंग्रजी बोलायचा, हिंदीतले चार शब्द. आईला हिंदी येतं, आमच्या नांदेडी वळणाचं, पण त्याला ते झेपेना. मग मधे मी. एवढी वर्षं इंग्रजीत काम केलेला, परदेशी क्लायंटशी बोलणारा मी. हे तर माझ्या डाव्या हाताचं काम.

त्याने विचारलं, छातीत दुखतंय का? मी विचारलं, "आई, छातीत दुखायलंय का?"

"दुखत नाही रे, धस्स व्हायलंय."

मी सांगितलं, छातीत दुखत नाही.

मग बाकीचं सांगितलं. 'पोटात कालवायलंय'चं मी 'अ‍ॅसिडिटी' केलं. 'हातपाय गळाले'चं 'थकवा' केलं. आणि 'काळजात धस्स'चं काय केलं? मी डॉक्टरला थोडं हसून सांगितलं की १९९३ मध्ये आमच्याकडे भूकंप झाला होता, तेव्हापासून तिला असं घाबरल्यासारखं होत असतं.

प्रत्येक वाक्य खरं होतं. डॉक्टरने अ‍ॅसिडिटीचं औषध दिलं, वाढलं तर लगेच या म्हणाला. त्याला मी आजही दोष देत नाही. त्याच्यासमोर माझी आई नव्हतीच. त्याच्यासमोर माझं इंग्रजी बसलं होतं.

पहाटे तीनला आईला दरदरून घाम फुटला. "जीव चाललाय" म्हणाली. टॅक्सी करून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तिथं कॅज्युअल्टीत एक वयस्कर नर्स होती. तिला ना हिंदी ना मराठी. मी नेहमीप्रमाणे तोंड उघडलं, तर तिने मला हाताने गप्प केलं. आईसमोर बसली, स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग पोटावर, मग पाठीवर, आणि भुवया उंचावून बघितलं. आईने तिचा हात धरला आणि आपल्या बरगड्या जिथं मधे मिळतात त्याच्या किंचित खाली ठेवला. मग तोच हात मागे दोन फऱ्यांच्या मधे नेला. मग जबड्याला लावला.

दोघींनी एक शब्द उच्चारला नव्हता. नर्स उठली आणि ईसीजीचं मशीन घेऊन आली.

हार्ट अटॅक होता. हृदयाच्या खालच्या भिंतीचा. नंतर हृदयाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की या भागाला त्रास झाला की दुखणं पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागात जाणवतं, मळमळतं, आणि माणूस पित्त समजून बसतो. आणि बायकांमध्ये छातीत दुखण्याबरोबर, किंवा त्याच्याऐवजी, दम लागणं, मळमळणं, पाठ किंवा जबडा दुखणं, एकदम गळून जाणं हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. स्टेंट घातला. आई वाचली. पण ते म्हणाले, आमच्या धंद्यात वेळ म्हणजे स्नायू. रक्त बंद झालेला स्नायू मिनिटागणिक मरत जातो आणि तो परत येत नाही. आईच्या हृदयाचा पंप तेव्हापासून ४० टक्क्यांवर आहे. साधारण ५५ च्या वर असावा लागतो. नऊ ते तीन, सहा तास. मधला फरक कशाने पडला याचा हिशोब कुणी मांडून दिला नाही, आणि मी मागितलाही नाही. मला तो मांडता येतो.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की आईने त्या रात्री एकही वाक्प्रचार वापरला नव्हता. ती लक्षणं सांगत होती. तिच्याकडे जे शब्द होते त्या शब्दांत, आणि किती नेमके! काळीज, पोट, हातपाय. हृदय, मळमळ, गळून जाणं. कुठल्याही पाठ्यपुस्तकात हार्ट अटॅकची जी यादी असते तीच यादी, त्याच क्रमाने. वाक्प्रचार ऐकला तो मी. एकवीस वर्षं तो शब्द भीतीच्या खात्यात टाकायची सवय, त्यामुळे तो आला की न वाचता त्याच खात्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर कॅशमधून उत्तर दिलं, मूळ डेटा बघितलाच नाही. आणि डॉक्टरच्या प्रश्नातला 'पेन' हा शब्द मी 'दुखणं' केला. पण मराठीत दुखणं हे फक्त एका जातीच्या वेदनेचं नाव आहे. आई खरंच म्हणाली, दुखत नाही. तिला धस्स होत होतं.

बघा ना, आपल्याकडे किती जाती आहेत. गळू ठसठसतं. दाढ ठणकते. काटा सलतो. पाठीत चमक निघते. कमरेत उसण भरते. पोटऱ्यांना पेटके येतात. छाती भरून येते. पोट ढवळतं. जखम चुरचुरते. यातल्या कशालाही नुसतं 'दुखतंय' म्हणून भागत नाही.

हे फक्त आपलंच नाही. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेलझॅक नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. त्याच्या लक्षात आलं की डॉक्टर दुखणं फक्त कमी-जास्त असं मोजतात, ते कसं आहे हे विचारत नाहीत. पेशंट लोक वापरतात ते शब्द त्याने जमवले आणि १९७५ मध्ये त्यांची एक प्रश्नावली छापली. ७८ शब्द, २० गटांत. पेशंटने आपल्याला लागू पडणारे शब्द निवडायचे. ती जगभर गेली, इटालियनमध्येही गेली. तिथं गंमत अशी झाली की इंग्रजी शब्दाला इटालियन शब्द चिकटवून काम होईना. इटालियन लोक दुखण्याला काय म्हणतात ते वेगळं गोळा करावं लागलं. म्हणजे कोशातून भाषांतर करायचं नाही, आजारी माणसाला विचारायचं.

आता लातूरकडे परत येतो. माझ्या बहिणीचा मुलगा दोन वर्षं लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करत होता. लातूर पॅटर्न म्हणजे काय हे मी सांगायला नको, तुमच्यातल्या निम्म्यांचे मामेभाऊ-आतेभाऊ तिथून गेले असतील. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला एकदम इंग्रजी जीवशास्त्र. यकृताचं लिव्हर होतं, फुप्फुसाचं लंग, आणि दोन वर्षांनी मूळ शब्द आठवेनासे होतात. पोरगं हुशार आहे, एमबीबीएसला लागलं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत नांदेडला आला तेव्हा २०६ हाडं तोंडपाठ. (इंग्रजीत पाठांतर हृदयाने करतात, आपण तोंडाने. आपलं जास्त प्रामाणिक आहे :) )

रात्री जेवताना तो आजीला म्हणाला, "आजी, हे बघ, याला स्कॅप्युला म्हणतात."

आजी म्हणाली, "त्याला पाठीचा फरा म्हणतात. उसण कुठं भरती सांग?"

त्याला सांगता येईना. कालवणं आणि मळमळणं यात फरक काय, तेही येईना. आजीने मग क्लासच घेतला. कालवणं आधी, मळमळ नंतर, आणि ढवळून आलं की बादली जवळ ठेवायची. २०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचा भाग ठेवलाय, म्हणजे दुसऱ्या राज्यातून आलेल्या मुलाला पेशंटशी बोलता यावं. चांगलंच आहे. पण आमचं पोरगं तर इथलंच होतं, त्याच घरातलं, त्याच आजीचं.

तर त्याने एक वही केली. दोनशे पानी. डाव्या बाजूला आजीचा शब्द, तिच्याच उच्चारात. उजव्या बाजूला इंग्रजी शब्द नाही. तिथं त्याने माणसाची साधी आकृती काढलीय, आणि तो शब्द म्हणताना आजीचा हात जिथं गेला तिथं पेनाने गोल केलाय. 'धस्स'पुढे दोन आकृत्या आहेत. एकीत गोल छातीवर आहे आणि बाजूला लिहिलंय, एकदाच होतं, जातं. दुसरीत गोल थोडा खाली आहे आणि बाजूला लिहिलंय, थांबत नाही, घाम येतो, ईसीजी.

ती वही बघून मला जे वाटलं ते इथं लिहीत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्यात, बंगळूरात, हैदराबादेत किंवा त्याहून लांब आहात. आईवडील कधीतरी राहायला येतील, आणि कधीतरी रात्री तुम्हाला दवाखान्यात मधे उभं राहून बोलावं लागेल. तेव्हा एवढंच करा. त्यांचं वाक्य आटोपशीर करू नका. तीन गोष्टी सांगितल्या तर तिन्ही सांगा, त्यातली ही महत्त्वाची नाही असं ठरवायचं काम आपलं नाही. शब्दाला शब्द सापडला नाही तर सांगा की सापडत नाही. आणि आधी विचारा, कुठं? हात ठेवून दाखव.

आईला मी एकदा हे सगळं बोलून दाखवलं होतं. भाषांतर माझं चुकलं म्हणून. ती म्हणाली, "तू बरोबरच सांगितलंस की रे. मलाच नीट बोलता आलं नाही." यावर काय बोलणार.

आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल असतो. व्हिडिओच, नुसता फोन नाही. परवा शुक्रवारी ते पायाच्या बोटाचं प्रकरण मिटवून घरी पोचलो आणि कॉल लावला, तर आई म्हणाली, "अरे, दुपारी काळजात असं धस्स झालं म्हणून सांगू!"

"कुठं? हात ठेव."

तिने मुकाट्याने छातीवर हात ठेवला.

"थांबलं का लगेच?"

"थांबलं."

"घाम आला होता? पोटात कालवलं?"

"नाही रे बाबा. गॅसवाला आलता, सिलिंडर दाणकन आपटलं त्याने दारात." मग कॅमेऱ्यात अगदी जवळ येऊन म्हणाली, "आणि तू असं सारखं विचारून विचारून माझं डोकं खायलास."

मी विचारणारच होतो. पण तिने आधीच डोक्यावर हात ठेवून दाखवला.